टेस्टरमधला नारिंगी ठिपका

बावीस वर्षं झाली, माझ्या शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला असतो. परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल, स्टार्टर, मधूनच एखाद्या पिठाच्या गिरणीची मोटार, असं काम येतं. दिवसातून पन्नास वेळा तरी टेस्टर लावतो. आत नारिंगी ठिपका उजळला की फेज आहे एवढं कळतं आणि हात पुढच्या कामाला लागतो. त्या ठिपक्याकडे नीट बघायला मला एका घड्याळाने लावलं.

आयटीआयला असताना प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना, जड व्होल्टमीटर होता. काटा नव्हता त्याला. काचेच्या चार नळ्या होत्या आणि त्यांच्या आत आकडे पेटायचे. आत्ताच्या घड्याळांसारखे सात कांड्या जोडून केलेले आकडे नव्हेत, तर एखाद्या सुंदर अक्षराच्या माणसाने तारेने काढावेत तसे वळणदार. आकडा बदलला की तो नळीत किंचित मागे किंवा पुढे सरकल्यासारखा दिसायचा. निदेशक म्हणाले, "ह्या निक्सी ट्यूब. आता कुणी बनवत नाही." पुढे मी धंद्याला लागलो आणि विसरलो.

गेल्या दिवाळीत भाचा आला. संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. लाकडी पेटीवर तशाच चार नळ्या, आणि आकडे पेटलेले. "मामा, हे घड्याळ किटमधून घरी बनवता येतं. ट्यूब जुन्या रशियन मिळतात." त्या रात्री मला झोप आली नाही. आठ दिवसांत किट मागवलं, नळ्या वेगळ्या मागवल्या. सगळं मिळून मला सात हजारांच्या आसपास पडलं. एवढ्यात दुकानाची नवी ड्रिल मशीन आली असती. बायकोने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की हे मला बघायचंच आहे.

नळ्या युक्रेनमधून आल्या, कापसात गुंडाळून. आयएन-१२ जातीच्या चार आणि जास्तीच्या दोन. रशियन लिपीतलं नाव आणि १९८४चा शिक्का. म्हणजे सोव्हिएत संघ असताना केलेल्या आणि कधीतरी कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेल्या. मूळ निक्सी अमेरिकेतली, बरोज नावाच्या कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेली. सत्तरच्या दशकात एलईडी स्वस्त झाले आणि तिकडे ह्या नळ्या मागे पडल्या, पण सोव्हिएत कारखान्यांत त्या पुढेही बऱ्याच वर्षं बनत राहिल्या. म्हणून आज आपल्यासारख्याला मिळतात. चेक प्रजासत्ताकात दलिबोर फार्नी नावाच्या माणसाने ही कला पुन्हा उभी केली आहे, तो नव्या नळ्या हाताने बनवतो. त्याच्या एका नळीच्या किमतीत माझं अख्खं घड्याळ होईल, पण असा माणूस जगात आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

नळी हातात घेऊन उजेडात धरली. आत शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक, पातळ पत्र्याचे, एकमेकांना न टेकता उभे. समोर बारीक जाळी. सगळे आकडे कायम तिथेच असतात, ज्याला वीज मिळेल तो दिसतो. आणखी एक गोष्ट दिसली. ह्या जातीत पाचाचा आकडा म्हणजे उलटा केलेला दोनाचाच आकडा आहे. साचा एकच, वापर दोनदा. कारखान्यात काम केलेल्या कुणाच्याही चेहऱ्यावर हे बघून समाधान उमटेल.

भाच्याने समजावलं ते असं. आत निऑन वायू आहे, अगदी कमी दाबाखाली, आणि नळी जास्त टिकावी म्हणून थोडा पारा. आकड्याला निगेटिव्ह आणि जाळीला पॉझिटिव्ह दिलं, विजेचा दाब १७० व्होल्टच्या आसपास गेला, की वायू वीज वाहू लागतो आणि आकड्याला चिकटून नारिंगी प्रकाश उमटतो. आकड्याचा पत्रा बल्बच्या तारेसारखा तापून लाल होत नाही. उजळतो तो त्याच्या भोवतीचा वायू. मी टेस्टर खिशातून काढला. "मग ह्यात पण हेच आहे की!" त्याने मान डोलावली. टेस्टरमध्येसुद्धा निऑनचाच छोटा दिवा असतो आणि आपल्याला झटका बसू नये म्हणून त्याच्यापुढे मोठा रेझिस्टर. घरी येणाऱ्या एसी, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या विजेत ह्या दिव्यातल्या दोन्ही तारा आळीपाळीने निगेटिव्ह होतात, म्हणून दोन्ही उजळलेल्या दिसतात. डीसीत, म्हणजे एकाच दिशेच्या विजेत, फक्त निगेटिव्हकडची एकच उजळते. बावीस वर्षं हे माझ्या खिशात होतं.

सोल्डरिंगचं फार सांगत नाही. मोटारीच्या जाड तारांना डाख देणारा हात बारीक कामाला वळवायला चार रात्री लागल्या. एक मात्र सांगतो. रेझिस्टरवरचे, त्याचे ओहम सांगणारे रंगीत पट्टे दुकानाच्या पिवळ्या बल्बखाली ओळखू नयेत. तपकिरी, लाल आणि नारिंगी तिथे एकच दिसतात. प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजून मगच बसवावा. आणि आधी बुटके भाग, मग उंच, नळ्यांचे सॉकेट सगळ्यात शेवटी. मी घाईत सॉकेट आधी बसवले आणि मग त्यांच्या आडचे चार सांधे करताना माझा एक अख्खा रविवार गेला.

खरी कथा व्होल्टेजची आहे.

घड्याळाला बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि नळीला १८० व्होल्ट. डीसी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर चालत नाही. किटमध्ये त्यासाठी एक लहानसा भाग आहे: एक आठ पायांची आयसी म्हणजे चिप, एक मॉसफेट म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, एक कॉइल, एक डायोड, एक कंडेन्सर. तत्त्व आम्हा रिपेअरिंगवाल्यांना चांगलं माहीत आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं. बारा व्होल्टच्या रिलेची कॉइल चालू असताना वायर काढली की बोटाला सणसणीत झटका बसतो. कॉइलमधला करंट अचानक तोडलेला तिला सहन होत नाही, ती व्होल्टेज वर फेकते. इथे मॉसफेट तेच करतो. चालू, बंद, चालू, बंद, सेकंदाला हजारो वेळा. प्रत्येक वेळी कॉइल वर फेकते, डायोड ते कंडेन्सरमध्ये जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही.

माझ्या किटमधली कॉइल प्रवासात फुटली होती. तिच्या आतला फेराइटचा गाभा काचेसारखा ठिसूळ असतो, वरची कड उडालेली. भाचा म्हणाला, "दुसरी मागवू, पंधरा दिवसांत येईल." मला राग आला. कॉइलसाठी मी थांबायचं? माझ्या दुकानात? एका मेलेल्या सीएफएल दिव्यातून चोक, म्हणजे आतली कॉइल, काढला, गरम करून फेराइटचे दोन भाग सुटे केले, जुनी बारीक तार उतरवली. आणि माझ्या २२ वर्षांच्या हिशोबाने, कमी पडायला नको म्हणून, २४ गेजच्या तारेचे नव्वद वेढे नीट थर लावून भरले. काम देखणं झालं होतं.

मीटर लावला. १८० व्होल्ट! आनंदाने पहिली नळी सॉकेटमध्ये बसवली. आकडा क्षणभर उजळला, थरथरला आणि विझला. मीटर १२८ वर. नळी काढली की १८०, लावली की १२८. दोन रात्री मी सगळे सांधे पुन्हा केले. मॉसफेट बदलला. डायोडवर संशय घेऊन दुकानातला नेहमीचा ४००७ लावून बघितला, तर तो बोट ठेववेना इतका तापला. तो पन्नास हर्ट्‌झसाठी केलेला आहे. इतक्या वेगात त्याला बंद व्हायला वेळच मिळत नाही आणि वीज उलटी गळते. जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या सप्लायमधून एक वेगवान डायोड, यूएफ-४००७, काढून बसवला. नावात फरक दोन अक्षरांचा, कामात जमीन-अस्मानाचा. डायोड गार राहिला. पण नळी पेटेना.

तिसऱ्या रात्री भाच्याला फोन केला. त्याने विचारलं, "मामा, कॉइलचा इंडक्टन्स किती भरतो?" माझ्याकडे छोटा कंपोनंट टेस्टर होता. लावला. इंडक्टन्स, म्हणजे करंटमधला बदल अडवण्याची कॉइलची ताकद, जवळजवळ चारशे मायक्रोहेन्री. "किटमध्ये शंभर लिहिलंय." मी म्हणालो, "जास्तच आहे, मग चांगलंच की." तो म्हणाला, "नाही मामा. वेढे कमी करा."

हे वाक्य माझ्या पोटात गेलं नाही. मोटारीत वेढे कमी केले की करंट वाढतो, मोटार तापते, जळते आणि गिऱ्हाईक परत दारात. वेढे कमी करणं हे आमच्या धंद्यात पाप आहे. पण त्याने शांतपणे समजावलं आणि मी कागदावर मांडलं. मॉसफेट जेवढा वेळ चालू असतो तेवढ्या वेळात कॉइलमध्ये करंट चढतो. इंडक्टन्स जास्त असेल तर करंट सावकाश चढतो. वेळ तर ठरलेला. म्हणजे करंट पुरेसा चढायच्या आतच मॉसफेट बंद होतो, आणि फेकायला कॉइलकडे ऊर्जा फारच थोडी असते. नळी नसताना ती थोडी ऊर्जाही पुरते, म्हणून १८० दिसतात. नळीने करंट मागितला की सगळं कोसळतं. इथे करंट चढलाच पाहिजे, तेच तर काम आहे. मोटारीत ज्याला मी घाबरत आलो, ते इथे हवं होतं.

आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. वेढे निम्मे, तर इंडक्टन्स चौथाई. म्हणजे नव्वदचे पंचेचाळीस.

रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून घेतलं आणि माझ्याच हाताने भरलेले पंचेचाळीस वेढे मी उतरवले. मोजला तर ९८ मायक्रोहेन्री. बसवली. १८० व्होल्ट. नळी लावली. १८०. दुसरी, तिसरी, चौथी. १७९. आणि चारही नळ्यांत आकडे उभे राहिले, कडेला किंचित निळसर झाक असलेले, नारिंगी, स्थिर. बाहेर रेल्वेचा भोंगा ऐकू आला. मी दिवा मालवून बराच वेळ तसाच बसलो.

मग टेस्टरची टोपी वायरने निगेटिव्हला जोडली आणि टोक १८० व्होल्टला लावलं. आतल्या दोन तारांपैकी एकच उजळली. भाचा म्हणाला होता तसंच.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण मी चुकलो आहे. ४१५ व्होल्टवर रोज काम करणारा माणूस १८० ला हलकं समजतो. अडॅप्टर काढला म्हणजे झालं असं धरून मी बोर्ड उचलला आणि कंडेन्सरमध्ये साठलेल्या विजेने हाताला असा हिसका दिला की बोर्ड खाली पडला. नळी फुटली नाही हे नशीब. तेव्हापासून अडॅप्टर काढल्यावर एक लाख ओहमचा रेझिस्टर कंडेन्सरच्या दोन्ही पायांना धरतो, मीटर शून्यावर येईपर्यंत. आणि चालू बोर्डला एकाच हाताने, दुसरा हात पाठीमागे. घरात पोरं असतील तर पेटी बंद केल्याशिवाय प्लग लावू नका.

पुढचा दोष बारीक होता. तीन पेटला की त्याच्या मागे आठाची पुसट सावली दिसायची. ह्या किटमध्ये चारही नळ्यांना मिळून एकच रशियन आयसी आहे, के-१५५-आयडी-१. ती एका वेळी एकाच नळीचा आकडा चालवते आणि नळ्या आळीपाळीने इतक्या वेगाने लागतात की डोळ्याला चारही अखंड दिसतात. आधीची नळी पुरती विझायच्या आत पुढचा आकडा आला तर तो आधीच्या नळीत भुतासारखा उमटतो. दोन नळ्यांच्या मधे क्षणभर सगळं बंद ठेवायचं, एवढाच उपाय. भाच्याने प्रोग्रॅममध्ये दोनशे मायक्रोसेकंदांची फट टाकली. सावली गेली.

घड्याळ मी घरी, ओसरीत ठेवलं. कारण दादा, म्हणजे माझे वडील. आमची शेती गावाबाहेर तीन किलोमीटरवर आहे आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर वडील उशाला मोबाइल घेऊन झोपायचे, दर तासाला उठून चष्मा शोधायचे. पहिल्या रात्री माय म्हणाली, "हे काय ठेवायलास रे? निखाऱ्यावानी दिसायलंय." दादा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मी उठलो तर ते अंथरुणावरून, चष्म्याशिवाय, घड्याळाकडे बघत होते. "लाईट यायला पाऊण तास आहे. झोप तू." आणि कूस बदलून झोपले. निळ्या-पांढऱ्या उजेडाने त्यांचे डोळे दिपतात, ह्याने दिपत नाहीत, असं ते नंतर म्हणाले.

मग उन्हाळा आला आणि घड्याळ मागे पडायला लागलं. एप्रिल-मे मिळून दीड मिनिट. मला हे लागलं. आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४३-४४ ला जातो, ओसरीवर पत्रे, पेटीच्या आत आणखी जास्त. किटमध्ये वेळ मोजायला डीएस-१३०७ ही आयसी आणि ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरणारा स्फटिक, होता. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका. पण हा क्रिस्टल २५ अंशांना नीट चालतो. त्याच्या वर गेलं तरी सावकाश होतो आणि खाली गेलं तरी सावकाशच, आणि फरकाच्या वर्गाने. ४५ अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास केवळ उष्म्याने जातो. म्हणजे परभणीचा उन्हाळा आणि परभणीची थंडी, दोन्हीकडून मागेच. त्याजागी डीएस-३२३१चं मॉड्यूल बसवलं. ती आयसी स्वतःचं तापमान मोजून स्वतःला सावरते. चूक फार झाली तर वर्षाला दोनेक मिनिटं. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही, कारण दोन्हींची वेळ वाचायची पद्धत एकच आहे. जून ते आज, मोबाइलशी ताडून बघितलं तर फरक दिसत नाही. लाईट गेली तरी आतल्या बटनासारख्या सेलवर वेळ चालू राहते. नळ्या विझतात, वेळ विझत नाही.

आता राहिल्या दोन जास्तीच्या नळ्या. त्यांतल्या एकीत तीनाचा आकडा अर्धाच पेटतो, खालचं पोट काळं. आधी मला वाटलं फसवणूक झाली. पण हा निक्सीचा जुना आजार आहे. पेटलेल्या आकड्यावर आयन, म्हणजे वायूतले विद्युतभार असलेले अणू, सतत आपटतात, त्या आकड्याच्या धातूचे कण उडतात आणि शेजारच्या न पेटलेल्या आकड्यांवर बसतात. बरेच दिवस न पेटलेल्या आकड्यावर थर चढतो आणि तो भाग उजळेनासा होतो. घड्याळात तासाच्या पहिल्या नळीत तर शून्य, एक आणि दोन एवढेच लागतात, बाकीचे सात आकडे वर्षानुवर्षं अंधारात. म्हणून माझं घड्याळ रोज रात्री दोन वाजता पाच मिनिटं सगळ्या नळ्यांत सगळे आकडे फिरवतं. त्या वेळी ओसरीत कुणी जागं असलं तर घाबरू नये म्हणून घरच्यांना सांगून ठेवलं आहे.

आजारी नळीवर उपाय एकच. तोच आकडा, एकटा, नेहमीपेक्षा थोड्या जास्त करंटवर, सलग पेटता ठेवायचा. थर आपोआप उडून जातो. मी तिला दुकानातल्या फळीवर वेगळ्या सप्लायवर लावली, रेझिस्टर पंधरा हजाराऐवजी दहा हजार ओहमचा. लाईट गेली की इन्व्हर्टरवर. पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी काळ्या भागाच्या कडेला नखाएवढा नारिंगी रंग सरकला. आता गिऱ्हाईकसुद्धा दुकानात आलं की मोटारीआधी तिच्याकडे बघतं. एक म्हातारे शेतकरी, सबमर्सिबल घेऊन आलेले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा वाढलंय की जरा."

आज अकरावा दिवस. पोट भरत आलंय. खालचं टोक अजून काळं आहे. सकाळी शटर उघडलं की आधी तेच बघतो.